गाडी कुणाच्या हातात जाणार?



मी मूळचा सांगलीकडचा, पण आता बरीच वर्षं बंगळुरूत आहे. नोकरी एका कारखान्यात, मेंटेनन्स विभागात. आणि घरी, बाल्कनीतल्या एका जुन्या टेबलावर, मी खेळण्यातल्या गाड्या बदलत बसतो. दुकानातून आणलेली छोटी गाडी उघडायची, तिचा रंग उतरवायचा, चाकं बदलायची आणि तिची आपल्याला हवी तशी गाडी करायची. कुणाला त्यात आपल्या वडिलांची अँबॅसिडर दिसते, कुणाला गावाकडचा उसाचा ट्रक. या छंदाला कस्टमायझिंग म्हणतात. आमच्या आईच्या भाषेत सांगायचं तर, "चांगली गाडी मोडायची आणि मग जोडत बसायचं."

आज मी रंगवायचं कसं हे शिकवणार नाही. ते दाखवणारे खूप व्हिडिओ आहेत. मी बोलणार आहे त्याच्या आधीच्या गोष्टीवर. सामान कोणतं घ्यायचं? कोणता धातू, कोणतं प्लास्टिक, कोणता गोंद, कोणता रंग? कारण माझ्या हातून याच ठिकाणी एक चूक झाली. ती आधी सांगतो, म्हणजे बाकीचं का सांगतोय ते कळेल.

माझा भाचा तेव्हा दीड वर्षाचा होता. सांगलीला असतो. मी त्याच्यासाठी एक छोटी स्कूलबस केली. धातूची बॉडी, जुना रंग घासून काढला आणि वर झकास पिवळा रंग दिला. तो रंग कुठला? ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये यंत्रांना देण्यासाठी आणलेला डबा होता, तळाशी थोडा उरला होता. म्हटलं, वाया कशाला घालवायचा? रंग इतका सुंदर बसला की मीच खूश. दिवाळीला घेऊन गेलो. पोरगं बस सोडायला तयार नाही. झोपतानाही हातात.

तीन आठवड्यांनी बहिणीचा फोटो आला. खाली एवढंच लिहिलं होतं, "दादा, हे बघ जरा." बसच्या टपाच्या कडेचा रंग गेला होता. खाली करडा धातू दिसत होता. आणि त्या कडेवर दाताचे बारीक ठसे.

मी डबा शोधून काढला. त्यावर नीट लेबलसुद्धा नव्हतं. आणि मला माहीत असलेली एक गोष्ट तेव्हा डोक्यात आली, जी तीन आठवड्यांपूर्वी यायला हवी होती. पिवळा आणि नारिंगी रंग पक्का, भडक यावा म्हणून औद्योगिक रंगांत लेड क्रोमेट वापरतात. लेड म्हणजे शिसं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, आणि अमुक इतकं शिसं मुलांना चालतं अशी सुरक्षित पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दाजींना फोन केला. त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी बालरोगतज्ज्ञांना विचारून रक्ताची तपासणी करून घेतली. अहवाल यायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. अहवाल ठीक आला. बहीण मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझ्या टेबलासमोर भिंतीवर एक चिठ्ठी आहे. "ही गाडी कुणाच्या हातात जाणार?" सामान निवडण्याआधी हा प्रश्न. त्याची उत्तरं तीनच. एक, काचेच्या कपाटात. दोन, शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हातात. तीन, ज्याच्या हातातलं सगळं तोंडात जातं अशा बाळाच्या हातात. पहिल्या उत्तरासाठी बहुतेक सगळं सामान चालतं. दुसऱ्यासाठी निम्मं. तिसऱ्यासाठी अगदी थोडं. आता एकेक सामान घेऊ.

आधी बॉडी. आपण ज्या तीन इंची गाड्या घेतो, हॉट व्हील्स किंवा मॅचबॉक्ससारख्या, त्यांची धातूची बॉडी लोखंडाची नसते. लोहचुंबक लावून बघा, चिकटणार नाही. तो जस्ताचा मिश्रधातू असतो. त्याला झमॅक म्हणतात. जस्तात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम, थोडं तांबं, किंचित मॅग्नेशियम. तो कमी तापमानाला वितळतो, साच्यात बारीक नक्षीसुद्धा नीट उतरते. म्हणून खेळण्यांना तो बरा पडतो. मॅचबॉक्स १९५३ पासून आहे, हॉट व्हील्स १९६८ पासून. दोघांच्या गाड्यांनी हाच धातू घराघरात पोचवला.

या धातूची एक जुनी दुखणी आहे. मिश्रणात शिशाचा अंश राहिला, तर काही वर्षांनी बॉडी आतून फुगते, तडे जातात आणि बिस्किटासारखा तुकडा हातात येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या खेळण्यांत हे फार दिसतं. याला औषध नाही. जुन्या बाजारात अशी तडे गेलेली, वाकलेली गाडी दिसली तर कितीही दुर्मीळ असो, बदल करण्यासाठी घेऊ नका. ड्रिल लावलं की भुगा होईल.

आता प्लास्टिक. आपल्याकडच्या मागे ओढून सोडायच्या रिक्षा, ट्रक, बस बहुतेक प्लास्टिकच्या असतात. स्वस्त, आणि आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसतात. पण प्लास्टिक म्हणजे एकच वस्तू नव्हे. एबीएस आणि पॉलिस्टायरिन यांना रंग धरतो, गोंद धरतो. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन यांना काहीच धरत नाही. तुम्ही कितीही महाग रंग द्या, नखाने सालपटासारखा निघतो. मग ओळखायचं कसं?

एक वाटी पाणी घ्या. गाडीचा एखादा सुटा तुकडा त्यात बुडवा, हवेचे बुडबुडे निघून जाऊ द्या आणि सोडा. वर तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन. ती पाण्यापेक्षा हलकी असतात. बुडाला तर पॉलिस्टायरिन, एबीएस किंवा पीव्हीसी असण्याची शक्यता जास्त. तळाशी त्रिकोणात आकडा असेल तर आणखी सोपं. दोन, चार किंवा पाच असेल तर रंगाचा नाद सोडा. ती गाडी आहे त्याच रंगात ठेवून बाकीचं काम करा. सहा असेल तर पॉलिस्टायरिन, कामाला उत्तम.

गाडी उघडायची कशी? खालच्या बाजूला बहुतेक दोन रिव्हेट असतात. तीन मिलिमीटरच्या बिटने, हळू वेगाने, फक्त डोकं उडवायचं. पूर्ण खांब खायचा नाही. मग त्याच खांबात १.६ मिलिमीटरचं भोक पाडून दोन मिलिमीटरचा, म्हणजे एम-टूचा टॅप फिरवला की बारीक स्क्रू बसतो. गाडी पुन्हा पुन्हा उघडता येते. काही जण गोंदाने बंद करतात. कपाटातल्या गाडीला चालेल. मुलाच्या गाडीला स्क्रूच हवा, कारण गोंद पडल्यावर सुटतो आणि आतून धारदार कड बाहेर येते. आणि ड्रिल करताना डोळ्यांवर चष्मा. तो कण किती लहान असतो हे डोळ्यात गेल्यावरच कळतं.

जुना रंग काढायचा असेल तर हार्डवेअरच्या दुकानात पेंट रिमूव्हर मिळतो. जेलीसारखा असतो. धातूवर झटपट काम करतो. पण तो प्लास्टिकला लागला तर प्लास्टिकही विरघळतं. त्यामुळे काचा, सीट, चाकं सगळं आधी बाजूला. त्याचा वास घरात घ्यायचा नाही, गच्चीवर जायचं. पातळ रबरी हातमोजे त्यात टिकत नाहीत, म्हणून चिमट्याने काम करायचं. कुणीतरी तुम्हाला सांगेल की कॉस्टिक सोड्यात गाडी बुडवा, रंग आपोआप निघतो. निघतो, खरं आहे. पण कॉस्टिक जस्तालाही खातं, वर हायड्रोजन वायू सुटतो. रंगाबरोबर बॉडीची नक्षीही जाते. ते करू नका.

खरं तर प्रत्येक वेळी रंग पूर्ण काढायची गरजच नसते. कंपनीचा मूळ रंग घट्ट बसलेला असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग ६०० ने, पाणी लावून घासा. चमक गेली आणि पृष्ठभाग जरा खरखरीत झाला की वरचा रंग धरतो. शिवाय ओलं घासलं तर धूळ उडत नाही. प्लास्टिकच्या गाडीला तर हाच मार्ग.

आता गोंद. आपल्या घरात तीन असतात आणि तिन्हींची कामं वेगळी आहेत. फेविक्विकसारखा झटपट गोंद छोट्या, घट्ट बसणाऱ्या जोडाला चांगला. पण त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी धुक्यासारखी बसते. गाडीच्या काचा कायमच्या आंधळ्या होतात. दुसरं, तो पातळ असतो, फटीतून धावतो. ॲक्सलजवळ एक थेंब पडला की चाक जाम. माझी पहिली रिक्षा अशीच अजून तीन चाकांवर उभी आहे, एकही फिरत नाही. काचांना साधा पांढरा फेविकॉल लावा. वाळल्यावर पारदर्शक होतो, चुकलं तर पाण्याने निघतो. धातूला धातू जोडायचा असेल तर दोन नळ्यांचा एपॉक्सी, म्हणजे अराल्डाइटसारखा. त्याला रात्रभर वेळ द्या. आणि खड्डे भरायला, नवा बंपर घडवायला एम-सील. ते कडक झालं की घासता येतं, ड्रिल करता येतं, रंगही धरतं. मळताना हातमोजे घाला.

थर्माकोलवर मात्र फेविक्विक किंवा स्प्रे पेंट, दोन्ही नको. डोळ्यांदेखत विरघळतं.

रंगाकडे येऊ. जस्तावर थेट रंग टिकत नाही, आधी प्रायमर हवा. त्यावर ॲक्रिलिक, एनॅमल किंवा लॅकर. ॲक्रिलिक पाण्यात पातळ होतो, वास कमी, घरात काम करायला सोपा. एनॅमल उशिरा वाळतो, पण थर मजबूत. लॅकर झटपट वाळतो, चकाकी छान, पण थिनर जहाल. एक नियम पाळा. एनॅमल पुरतं वाळलं नसेल तर त्यावर लॅकर मारू नका. खालचा थर दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो.

आणि आपलं हवामान विसरू नका. परदेशातले व्हिडिओ कोरड्या हवेतले असतात. आपल्याकडे जुलैमध्ये, कोकणात किंवा मुंबईत लॅकर मारलात तर हवेतला ओलावा थरात अडकतो आणि काळी गाडी दुधाळ दिसते. रंगाचा दोष नसतो, दिवसाचा असतो. पावसाळ्यात मी ड्रिल, घासकाम आणि सुताराचं काम उरकतो. रंग दसऱ्यानंतर.

मास्कबद्दल एकच वाक्य. एन-९५ मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बन फिल्टरचा मास्क लागतो. आणि खऱ्या गाड्यांना मारतात तो हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर कोट घरात वापरू नका. त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. तीन इंचाच्या गाडीसाठी आपली फुप्फुसं पणाला लावायची नाहीत.

आता सगळ्यात मजेचा भाग. वर चढवायचं सामान. इथे दुकानापेक्षा घरातलंच जास्त उपयोगी पडतं, पण माप लक्षात ठेवून. या गाड्या साधारण १:६४ प्रमाणाच्या असतात. म्हणजे आपला एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवरचे ६४ मिलिमीटर. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर झाला तर खऱ्या गाडीवर तो सहा मिलिमीटरचा लेप झाला. म्हणूनच जाड रंगवलेली गाडी खेळण्यासारखी दिसते आणि पातळ रंगवलेली खरी वाटते.

मी उसाचा ट्रक केला तेव्हा आधी खराट्याच्या काड्या लावल्या. कसा दिसला? ट्रकमध्ये विजेचे खांब भरल्यासारखा. हिशोब केला. ऊस अडीच-तीन सेंटिमीटर जाड, त्याला ६४ ने भागलं तर अर्ध्या मिलिमीटरच्या आत. खराट्याची काडी दुप्पट जाड. मग घर झाडायच्या फुलझाडूची बारीक काडी घेतली आणि ऊस उसासारखा दिसला. दोरखंडाला शिवणाचा दोरा पुरतो. ताडपत्रीला कापड घेऊ नका, ते गोधडीसारखं दिसतं. पातळ टिश्यू पेपर पाण्यात कालवलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून अंथरा, वाळला की रंगवा. पत्र्याच्या कामाला थंड पेयाच्या डब्याचं ॲल्युमिनियम, कात्रीने कापता येतं. त्याची कड मात्र ब्लेडसारखी असते, दुमडून घ्या. चौकोनी भागांना पॉलिस्टायरिनची शीट उत्तम, आणि ती मिळाली नाही तर मुदत संपलेलं एटीएम कार्ड.

रबरी चाकांबद्दल एक सावधगिरी. मऊ पीव्हीसीच्या टायरमधून तेलासारखा पदार्थ हळूहळू झिरपतो आणि शेजारच्या पॉलिस्टायरिनला खातो. गाडी तशीच प्लास्टिकच्या डबीत वर्षभर ठेवली तर टायरच्या जागी डबीत खळगे पडतात. कपाटातल्या गाडीखाली कागदाचा तुकडा ठेवा.

हे सगळं झालं पहिल्या दोन हातांसाठी. आता तिसरा हात. बाळाचा.

भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे. नियम २०१६ चा, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांचा नियम आहे. यंत्रांचे, वाहनांचे औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. माझा डबा नेमका तसला होता. जुना डबा, औद्योगिक डबा, बिनलेबलचा डबा, हे तिन्ही लहान मुलांच्या खेळण्यांपासून लांब ठेवा. डब्यावर शिशाबद्दल स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे.

खेळण्यांसाठीचा गुणवत्ता आदेश २०२० चा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह लागतं. पण ते चिन्ह कंपनीने तपासलेल्या खेळण्याला आहे. आपण रंग बदलला, चाकं बदलली, की ती हमी संपली. पुढची जबाबदारी आपली. हे मला त्या चार दिवसांत कळलं.

दुसरी भीती गिळण्याची. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी लहान भाग तपासायला मानकात सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं असतं. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो, तो घशात अडकू शकतो. आपल्या छोट्या गाड्यांची चाकं, आरसे, कॅरियर, सगळं त्यात मावतं. त्यामुळे या आकाराची गाडी, कितीही सुरक्षित रंगवली तरी, त्या वयाला द्यायचीच नाही. दिव्यांसाठी बटन सेल नको, तो अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत आतून भाजतो. जोडणीसाठी लोहचुंबक नको, दोन गिळले तर आतडं मध्ये चिमटलं जातं.

मग बाळाला द्यायचं काय? लाकूड. बंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याला चन्नपट्टण लागतं, साधारण साठ किलोमीटर. तिथले कारागीर हाले नावाच्या झाडाचं मऊ, पांढरं लाकूड लेथवर फिरवतात आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. ब्रश नाही, थिनर नाही. आपल्या सावंतवाडीचीही लाकडी खेळण्यांची जुनी ओळख आहे. घेताना मात्र तोंडाने विचारा, लाखेत रंग कोणता मिसळला आहे? चांगला कारागीर न रागावता सांगतो.

मी एका कारागिराकडून मुठीत मावणार नाही अशी बस करून घेतली. पिवळीच. हळदीचा रंग घातलेली लाख. चाकं लाकडाची, मोठी, आरपार दांड्यावर पक्की. आरसे नाहीत, पाटी नाही, काचा नाहीत. खरं सांगतो, कपाटात ठेवली तर तिच्याकडे कुणी बघणार नाही. मी केलेल्या सगळ्या गाड्यांत ती सगळ्यात साधी.

सांगलीला घेऊन गेलो तेव्हा बहिणीने ती हातात घेतली, उलटसुलट केली, नखाने रंग खरवडून बघितला आणि मग पोराला दिली. त्याने ती पहिल्यांदा तोंडातच घातली. या वेळी आम्ही दोघंही काही बोललो नाही.

आता तो सहा वर्षांचा आहे. मागच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी बसून त्याने त्याची पहिली गाडी पॉलिश पेपरने घासली. मी ॲक्रिलिकच्या बाटल्या पुढे ठेवल्या. त्याने भिंतीवरची चिठ्ठी अक्षरं जुळवत वाचली आणि विचारलं, "मामा, ही गाडी कुणाच्या हातात जाणार?" मी म्हटलं, "तुझ्याच." तर म्हणाला, "मग पिवळी करू."

पिवळीच केली. बाटलीवरचं लेबल आधी दोघांनी वाचलं.

तुमच्याही टेबलासमोर अशी एक चिठ्ठी लावा.